आबांची नडगी आणि सरांची चांदी

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळ होते, पण त्यांच्याखाली हात धुवायची परवानगी नव्हती. दाराशी एक पत्र्याची बादली ठेवलेली असे. प्रयोग संपला की सगळ्यांनी ओळीनं तिच्यात हात खळबळायचे आणि बाहेर पडायचं. हजेरीपटात माझं नाव शेवटी होतं. त्यामुळे माझी पाळी येईपर्यंत बादलीतलं पाणी कसं झालेलं असे ते सांगत नाही. बहुतेक वेळा माझे हात धुण्याआधीच जास्त स्वच्छ असत.

ही सरांची शिस्त होती. पहिल्याच दिवशी एका मुलीनं नळ सोडला तेव्हा सर फळा सोडून धावत आले होते. "बाई गं, नळाखाली काय हाय? भोक. भोकाला मालक नसतो. बादलीला असतो."

बादलीतलं पाणी संध्याकाळी खिडकीखालच्या मोठ्या मातीच्या रांजणात जाई. परीक्षानळ्यांत उरलेलं, ब्युरेटमधून गळलेलं, चुकलेल्या प्रयोगांचं, चांदीचा अंश असलेलं सगळं त्या रांजणात. तळाशी दह्यासारखा साका बसे. उजेडानं तो आधी जांभळा आणि मग काळा होई. वर्षाअखेरीला सर तो साका काढून गाळत, त्याची चांदीची गोळी करत आणि त्या गोळीपासून परीक्षेसाठी व पुढच्या वर्षासाठी सिल्व्हर नायट्रेट बनवत. त्यामुळे आमच्या कॉलेजनं ते महागडं रसायन कित्येक वर्षांत विकत घेतलंच नव्हतं. खरेदीच्या यादीतून त्याचं नावसुद्धा गेलं होतं. मुलं त्यांना 'रांजण सर' म्हणत. मीही म्हणायचो, पण मनात. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि सरांना नाव ठेवलं तर ती पायरी काढून घेतील असं मला वाटे.

सरांचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता. शर्टाची उजवी बाही नेहमी तटतटलेली असे. आमच्या खानापूर-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. त्यांना गलाईवाले म्हणतात. सरांच्या वडिलांचं केरळात असं दुकान होतं. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत सर तिथं भट्टीचा भाता मारायचे. शिकून प्राध्यापक झाले, पण दुकान त्यांच्या अंगातून गेलं नाही. गलाईच्या दुकानात झाडलोट करून धूळ टाकत नाहीत, साठवतात. हात धुतलेलं पाणी साठवतात. पायपुसणं धूत नाहीत, वर्षाच्या शेवटी जाळतात आणि त्याची राख गाळतात.

आमच्या प्रयोगशाळेचं पायपुसणंही दर वर्षी जळे. मैदानाच्या कोपऱ्यात सर ते घमेल्यात ठेवून पेटवत आणि वाऱ्याची दिशा कशीही असली तरी धूर प्राचार्यांच्या खोलीत जाई. राखेतून निघालेली चांदी मोहरीएवढी. एका वर्षी तीही निघाली नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात गंभीरपणे सांगितलं, "यंदा तुम्ही पाय नीट पुसलेले नाहीत."

गलाईवाल्याचे दोन नियम ते आम्हाला अणूच्या रचनेच्या आधी शिकवत. एक, गिऱ्हाईकाचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळायचा नाही. दोन, गाळायचा तो त्याच्या डोळ्यांदेखत, आणि जे निघेल ते खरं सांगायचं. "गलाईवाला एकदा खोटं बोलला की दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप," ते म्हणत. सर स्वतः खोटं बोलूच शकत नसत. हा गुण लांबून चांगला दिसतो. जवळ राहणाऱ्यांना त्याचा त्रास होतो.

कॉलेजच्या वर्धापनदिनाला सरांचा सत्कार झाला होता. जवळच्या एका साखर कारखान्याचे अध्यक्ष पाहुणे होते. त्यांनी सरांच्या खांद्यावर जरीकाठाची शाल घातली. टाळ्या वाजत असतानाच सरांनी काठाचा एक धागा ओढून काढला, खिशातून काडेपेटी काढली, धागा पेटवला आणि नाकाशी धरला. माइक समोरच होता.

"प्लास्टिक आहे," सर म्हणाले.

टाळ्या थांबल्या. सरांनाही जरा अवघडल्यासारखं झालं असावं. त्यांनी नारळ उचलला, कानाशी हलवला आणि म्हणाले, "नारळ मात्र चांगला आहे."

अध्यक्ष हसले. पुढच्या वर्षीपासून आमच्याकडं सत्कार पुष्पगुच्छानं होऊ लागले.

सरांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्यांच्याकडं चहाला गेलं की त्या सरांसमोरच सांगत, "माझा लग्नातला शालू अजून आहे, कारण तो मी माहेरी ठेवलाय. माझ्या सासूबाईंचा कुठं आहे ते विचारा यांना."

सर बशीत चहा ओतत शांतपणे म्हणत, "आईचा व्हय? गाळला. चांगला निघाला."

माझे वडील एकदा मेंढ्यांचा बाजार करून परतताना कॉलेजात आले. अंगावर घोंगडी, हातात काठी. वऱ्हांड्यातच त्यांनी सरांना गाठून विचारलं, "आवं सर, पोरगं कसं हाय आमचं?" इतर शिक्षक अशा वेळी 'हुशार आहे, लक्ष द्या' म्हणतात. सरांनी माझ्याकडं बघून थोडा विचार केला.

"हुशार न्हाई. पर टिकतंय. मुशीत टाकलं तर तडकत न्हाई."

वडील खूश झाले. मीही झालो. मग वडिलांनी मनातलं सांगितलं. शेवटचं वर्ष आहे. या साली डिग्री मिळाली तर ठीक, एक वर्ष जरी गेलं तरी पुढं शिकवायची ताकद नाही. मामा केरळात गलाईच्या दुकानात आहे, तो भाता मारायला घेऊन जाईल. सरांनी माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"ह्यो हात त्या कामाचा न्हाई," ते म्हणाले. "ह्येला पास व्हावंच लागंल."

त्याच वर्षी कॉलेजला दर्जा द्यायला बाहेरून समिती येणार होती. सर भावाच्या घरभरणीला केरळात गेले होते. प्राचार्य मराठीचे, माणूस सज्जन, पण त्यांना रांजणात घाणीपलीकडं काही दिसलं नाही. त्यांनी दगडूमामांना, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायांना, सगळं चकाचक करायला सांगितलं. दगडूमामा कामाला वाघ. त्यांनी रांजण मागच्या गटारात पालथा केला, आतून बाहेरून घासला, त्याला गेरू लावला, चुन्यानं 'सुस्वागतम्' लिहिलं आणि आत माती भरून क्रोटनचं झाड लावलं. मग गटार धुवायला टँकर मागवला. आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात माणसांसाठी टँकर येतो. गटारासाठी तो पहिल्यांदाच आला होता. लोक बघायला जमले होते.

समिती यायच्या दिवशी सकाळी सर मिरजेच्या स्टेशनवरून थेट एसटीनं कॉलेजात आले. हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी होती. ते क्रोटनसमोर उभे राहिले.

"दगडूमामा, ह्यातलं कुठं गेलं?"

"मागच्या गटारात, सर. लय बेकार वास मारत हुतं. काथ्यानं घासलंय बगा," मामा म्हणाले आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

सरांनी रांजणाच्या काठावरून बोट फिरवलं. "चांगलं घासलंय," ते म्हणाले. खोटं ते बोलत नसत. मग त्यांनी वेफर्सची पिशवी मामांच्या हातात दिली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घमेलं घेतलं आणि गटारात उतरले. आम्हीही उतरलो. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पण विभागप्रमुख गटारात असताना काठावर उभं राहणं बरं दिसेना.

समिती आली तेव्हा आम्ही गाळ भरत होतो. अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या. त्या गटाराच्या काठाशी थांबल्या.

"हे कोण?"

"आमचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख," प्राचार्य म्हणाले.

"आणि ही मुलं?"

"तृतीय वर्ष."

"काय चाललंय इथं?"

जन्मभर मराठी शिकवल्याचा प्राचार्यांना तिथं उपयोग झाला. "परिसराभिमुख अध्यापन," ते म्हणाले.

"नाही मॅडम," सर खालून म्हणाले. "चांदी सांडलीय. ती भरतोय."

बाई खाली वाकल्या. घमेल्यातल्या काळ्या गाळाकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. "सापडेल?"

"सापडेल तेवढी कॉलेजची. बाकीची आजपासून गावाची."

समिती जाताना त्या गटाराचंच कौतुक करून गेली. प्राचार्यांनी नंतर सरांना पेढा दिला आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल लावला.

पण कौतुकानं चांदी वाढत नाही. टँकरनं बराचसा साका नाल्याला नेला होता. उरलेल्या गाळात वसतिगृहाच्या खानावळीचं तेल आणि साबण. तो सगळा वाळवून, भाजून, गाळून जी गोळी निघाली ती वर्गाच्या निम्म्यालाही पुरणारी नव्हती. विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्यात पाण्यातला क्षार मोजायचा प्रयोग ठरलेला होता. त्याला सिल्व्हर नायट्रेटशिवाय गत्यंतर नाही. विकत घ्यायचं तर तीन दुकानांची दरपत्रकं, मग संस्थेची मंजुरी, मग सचिवांची सही, आणि सचिव मुलीकडं परदेशात गेलेले. प्रयोग झाला नाही तर निकाल राहणार, आणि निकाल राहिला तर मी केरळात.

सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'घरोघरचे जुने एक्स-रे आणा.'

एक्स-रेची जुनी फिल्म काळी दिसते ती चांदीमुळं, हे तेव्हा आम्हाला कळलं. मिरजेत दवाखाने पुष्कळ, पण तिथली रद्दी ठेकेदार केव्हाच उचलतात. माणसांच्या घरातले मात्र कोणी मागत नाही. आम्ही वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. एका निवृत्त सुभेदारांनी आपल्या मणक्याचे सगळे फोटो, पुढून आणि मागून, लिफाफ्यासकट दिले आणि आम्हाला ते सावधानमध्ये उभं राहून घ्यायला लावले. एका घरच्या सुनेनं सासूबाईंच्या छातीचा एक्स-रे सासूबाई झोपलेल्या असताना आणून दिला आणि म्हणाली, "आजून कायबाय लागलं तर सांगा." एका म्हातारीनं मात्र मला दारात बसवून घेतलं. "माज्या फुफ्फुसात चांदी हाय व्हय रं? मग त्यो डाक्टर कवा बोलला न्हाई. तरीच हसून फोटो काढत हुता."

सगळ्या फिल्म गाळून झाल्यावर सरांनी हिशेब केला. वर्गाला पुरेल, पण एक जण राहतो.

"पातळ करू या की सर," कोणीतरी म्हणालं.

"पातळ केलं तर सगळ्यांचंच चुकेल," सर म्हणाले. "कोण राहतो?"

हजेरीपटातला शेवटचा. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आमच्या घरी एक एक्स-रे होता. तो मी मागितला नव्हता असं नाही. मागितला होता आणि मिळाला नव्हता. तो माझ्या आजोबांचा, आबांचा होता.

आबा कळप घेऊन दर वर्षी चराईला कृष्णाकाठी जायचे. उंब्रजजवळ हायवे ओलांडताना एका जीपनं त्यांना उडवलं. एकही मेंढरू मेलं नाही, पण आबांची नडगी मोडली. "कराडात म्हनले कापा. मिरजंत म्हनले बघू," असं आबा सांगत. मिरजेच्या डॉक्टरांनी पाय वाचवला. तेव्हापासून तो एक्स-रे आबांनी घराच्या खिडकीत काचेच्या जागी लावला होता. सकाळचं ऊन आलं की नडगी उजळायची. आल्यागेल्याला आबा काठीच्या टोकानं दाखवत, "ह्ये बग, हितं मोडलं हुतं." ग्रहण लागलं की सारी वस्ती आमच्या घरी येई आणि आबांच्या नडगीतून सूर्य बघे.

मी मागितल्यावर आबा म्हणाले होते, "परीक्षेला नडगी कशाला लागती?" वडिलांनी समजावलं, तर त्यांनाही, "तुजा बाप हाय त्यो, इकायला काडलाय व्हय?" असं ऐकून घ्यावं लागलं.

शेवटी सर स्वतः लूनावर बसून आमच्या वाडीला आले. आबा अंगणात चातीवर लोकर कातत होते. सर घोंगडीवर बसले. आधी पावसाचं झालं, मग मेंढरांच्या रोगाचं. मग सरांनी खिडकीकडं पाहिलं.

"लय ब्येस जुळवलंय हाड."

"मिरजंचा डाक्टर," आबा म्हणाले. "कापायला निघाली हुती कराडची." आणि लगेच सावध झाले. "पर द्यायचं न्हाई मास्तर. माजं हाड हाय त्यात."

"तुमचं हाड मागायला आलोच न्हाई मी," सर म्हणाले. ते उठून खिडकीशी गेले. "हाड कसं दिसतंय? पांढरं. तितं चांदी न्हाईच. चांदी हाय ती भोवतीच्या काळ्यात. मी हाडाभोवतीचा अंधार तेवढा घेतो."

आबांनी चाती थांबवली. उठून जवळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंजे हाड तितंच ऱ्हाईल?"

सरांनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर माझं काम झालं असतं. मी त्यांच्याकडं देवाकडं बघावं तसं बघत होतो. सरांनी चष्मा काढून पुसला.

"ऱ्हाईल. पर दिसायचं न्हाई. काळं गेल्यावर पांढरं कशावर दिसंल?"

संपलं, मला वाटलं. डोळ्यांसमोर भाता आला. आबांनी चंची सोडली, पान लावलं, चुना थोडा जास्तच लावला आणि तोंडात घालून चघळत बसले.

"मागं एक भंगारवाला आलता," ते शेवटी म्हणाले. "म्हनला, चांदी काडून फोटू हाय तसा परत दितो. त्येला काठी दाखवली. तुज्यासारकं खरं बोलला आसता तर च्या पाजला आसता." त्यांनी पिंक टाकली. "दितो. पर दुसऱ्याच्या हाडात मिसळायची न्हाई."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "आवं आबा, आमचा धंदाच त्यो. गिऱ्हाईकाचा माल येगळा."

"माज्या डोळ्यांम्होरं."

"डोळ्यांम्होरंच."

"आनि काम झालं की परत."

"परत. पर घट यील."

"किती?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यो किती सांडतोय त्यावर."

ठरल्या दिवशी आबा ठेवणीतला फेटा बांधून प्रयोगशाळेत आले. दगडूमामांनी त्यांना प्राचार्यांच्या केबिनमधली खुर्ची आणून दिली. सरांनी कॉस्टिक सोड्याचं पाणी गरम केलं आणि फिल्म त्यात सोडली. काळा थर सुटून पाण्यात उतरू लागला. फिल्म काचेसारखी स्वच्छ होत गेली. आबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"दुकलं न्हाई," ते म्हणाले.

काळा गाळ निवला, गाळला, वाळवला. मग छोट्या मुशीत टाकणखाराबरोबर घालून सर भात्यावर बसले. प्रयोगशाळेतल्या भट्टीला विजेचा पंखा होता, पण आबांसमोर त्यांनी वडिलांचा जुना भाता काढला होता. मुशीतून गोळी निघाली ती ज्वारीच्या दाण्याएवढी.

"यवढीच?"

"यवढीच. खोटं सांगून मोठी व्हईत न्हाई."

आबांनी ती दोन बोटांत धरली, दातांखाली दाबून पाहिली आणि परत दिली. सरांनी ती नायट्रिक आम्लात टाकली. तांबूस धूर निघाला आणि गोळी दिसेनाशी झाली. आबा पहिल्यांदाच अस्वस्थ झाले.

"आता ती बी गेली की."

"पाण्यात हाय."

"मगा काळ्यात हुती, मग गोळीत, आता पाण्यात. हिला घर न्हाई व्हय रं मास्तर?"

"तुमच्यासारकीच हाय आबा. चराईला निघालीय," सर म्हणाले. "मेंढरं परत येत्यात का न्हाई?"

"येत्यात."

"मग."

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या टेबलांवर मोठ्या बाटलीतलं द्रावण होतं आणि माझ्या टेबलावर एक लहान बाटली. तिच्यावर सरांच्या अक्षरात चिठ्ठी, 'आबा'. साताऱ्याहून आलेले परीक्षक तिथं थांबले.

"ही बाटली वेगळी का?"

"गिऱ्हाईकाचा माल आहे," सर म्हणाले. परीक्षकांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. त्यांनी द्रावण तपासलं, ताकद बरोबर निघाली, आणि ते पुढं गेले.

प्रयोग साधाच असतो. पिवळ्या पाण्यात चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाला पिवळा रंग विटकरी होतो. तिथंच थांबायचं. इतर मुलांना चुकायची भीती होती. मला सांडायची होती. आबांची नडगी माझ्या ब्युरेटमध्ये उभी होती आणि तिचा एकेक थेंब मी मोजून खाली सोडत होतो. इतक्या जपून मी पुढं आयुष्यात काही ओतलेलं नाही. रंग बदलला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच बदलला. परीक्षकांनी मान हलवली. मी भांडी विसळून पाणी वेगळ्या चंचुपात्रात जमा केलं. मोरीशी दगडूमामा उभे होते. गटाराच्या प्रकारानंतर ते सरांपेक्षा कडक झाले होते. नळाला त्यांनी गोणपाट बांधून टाकलं होतं.

त्या चंचुपात्रातली चांदी सरांनी पुन्हा गाळली आणि आठवड्याभरात सराफाकडं असते तशा कागदाच्या पुडीत घालून वाडीला आणली. सोबत ती स्वच्छ फिल्म होती, सुरळी करून.

"घट आलीय," सरांनी आधीच सांगितलं.

आबांनी गोळी तळहातावर खेळवली. "कुठं गेली?"

"थोडी मुशीला लागली. थोडी ह्येच्या बोटांला."

सिल्व्हर नायट्रेटचे डाग लवकर जात नाहीत. माझी बोटं टोकांना काळी पडलेली होती. आबांनी माझा हात ओढून उजेडात धरला आणि एकेक बोट तपासलं.

"मग गेली कुठं?" ते म्हणाले. "घरातच हाय की." गोळी त्यांनी चंचीत सुपारीशेजारी टाकली.

मी पास झालो. आज मी खंडाळ्याकडच्या एका कारखान्यात आहे. दुसऱ्या कारखान्यांनी टाकलेल्या गाळातून आणि राखेतून आम्ही धातू काढतो. मोठमोठी यंत्रं आहेत, पडद्यावर आकडे दिसतात. माझ्या विभागात मात्र दाराशी एक बादली आहे. नवीन आलेले इंजिनीअर एकमेकांना खुणावून हसतात. मी त्यांना नळ आणि भोक यांचं तत्त्वज्ञान सांगतो. ते मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ते मनात म्हणत असावेत अशी आशा आहे.

निकालानंतर सर पेढे खायला आमच्याकडं आले होते, त्या दिवसाचं एवढं सांगायचं राहिलं. आबांनी त्यांना स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी दिली. सरांचा हात सवयीनं काठाकडं गेला, एक धागा निघाला, काडी ओढली गेली. जळक्या केसांचा वास अंगणभर पसरला.

"अस्सल," सर म्हणाले.

"मेंढरालाच इचारायचं हुतं की," आबा म्हणाले.

तेवढ्यात जतकडचा एक पाहुणा मेंढ्या बघायला आला. स्वच्छ फिल्म आबांनी पुन्हा खिडकीत लावली होती. तिच्यातून पलीकडची बाभळ आणि तिच्याखाली बसलेली मेंढरं दिसत होती. आबांनी रिवाजाप्रमाणं पाहुण्याला खिडकीशी नेलं आणि काठीचं टोक टेकवलं.

"ह्ये बग. हितं मोडलं हुतं."

पाहुणा डोळे बारीक करून बघत राहिला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "मला तर काय बी दिसंना," तो पुटपुटला, आणि मग चष्मा लावलेला शिकला-सवरलेला माणूस म्हणून त्यानं सरांकडं पाहिलं. "काय वो सर, दिसतंय का तुमास्नी?"

आबाही सरांकडं बघत होते. मीही बघत होतो. हा माणूस कधी खोटं बोलत नाही, हे आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं.

सरांनी नवी घोंगडी खांद्यावर नीट केली, खिडकीशी गेले, आणि काठीचं टोक टेकलं होतं तिथं निरखून पाहिलं.

"हाय तितंच हाय," ते म्हणाले.